बुश क्रमांक ४४१७

सियागंजच्या गाळ्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या पंपांची हाडं मोजली.
कॅलिपर शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी.
कुठल्या मोटरचा बुश कुठल्या मोटरला चालतो,
कोणती कंपनी कॅटलॉगात एक छापते
आणि पेटीत दुसरंच घालते,
सगळं अकरा लांबट वह्यांत,
ग्रीसच्या अंगठ्यांसकट.

मृणाल रेगे वह्या घेऊन गेली,
सात महिन्यांनी टेबलावर एक सीडी ठेवली.
"पागनीसकाका, सव्वीस हजार नोंदी."
मी ती उजेडात धरली. त्यात माझंच नाक दिसलं.

विकायची तर कुलूप हवं.
तिनं आकड्यांचा असा भुगा केला
की मलाच माझी वही वाचता येईना.
म्हटलं, मग गिऱ्हाईक कसं वाचणार?
म्हणाली, किल्ली प्रोग्रामच्या पोटात आहे.
म्हणजे कुलूपही त्याच्या घरी, किल्लीही त्याच्याच घरी?
ती हसली नाही.
"विकायचं म्हटलं की एवढं उघडं राहतंच, काका.
आपण किल्ली फक्त अशा जागी ठेवायची
की शोधणाऱ्याची रविवारची दुपार जावी."

एक दुपार. माझी एकतीस वर्षं.

त्या रात्री मी सव्वीस हजार खऱ्यांत
एक खोटी नोंद पेरली.
बुश ४४१७. आत सत्तावीस, बाहेर एकेचाळीस,
विकलेल्या लूनाची नंबरप्लेट मधोमध कापून.
लांबी मनची.
मोटर 'वैजयंती', तीन हॉर्सपॉवर,
जी कुणी कधी बनवलीच नाही.
चोर सगळं धान्य उचलतो, खड्यासकट.
पाखडायचं तर सूप लागतं,
आणि सूप माझ्याकडे.

दोन वर्षांनी जेल रोडवर
दुसऱ्याच्या नावाची सीडी मिळाली, एकशेवीस रुपयांत.
दुकानातच उभ्यानं टाइप केलं: चार चार एक सात.
वैजयंती आली. सत्तावीस, एकेचाळीस.
खरं सांगतो, आधी आनंद झाला,
परक्याच्या लग्नात अनोळखी माणसाच्या अंगावर
आपला चोरीला गेलेला स्वेटर दिसावा
आणि उसवलेली बाहीसुद्धा तीच असावी, तसा.
राग नंतर आला, राजवाड्यापर्यंत चालल्यावर.

वकील बुलबुले म्हणाले, केस भक्कम.
एवढंच दाखवायचं, की असा बुश जगात नाही.

तारखेच्या आधीच्या मंगळवारी
पोलोग्राउंडहून इक्राम खरादी आला.
रुमालात काहीतरी बांधलेलं.
"पागनीस साब, ये माल बाजार में कहीं नहीं था,
तो मैंने ही उतार दिया. ज़रा नाप देख लो."
हातोदचं गिऱ्हाईक. जुनी मोटर, पाटी झिजलेली,
नाव वाचता येत नव्हतं,
सीडीनं सगळ्यात जवळचं म्हणून हेच दाखवलं.
त्यानं सहा मागवले.

गनमेटल. अजून खरादाचा वास होता त्याला.
मी कॅलिपर काढलं.
सत्तावीस. एकेचाळीस.
केसभर फरक, तोही बहुधा माझ्या कॅलिपरचा.
"बैठा?" मी विचारलं.
"पहले थोड़ा घिसा. फिर बैठ गया.
पानी दे रही है मोटर."

मी बराच वेळ तो बुश बोटात फिरवत बसलो.
इक्रामनं चहा संपवला, रुमाल घडी करून खिशात घातला.
त्याला मी काय सांगणार होतो?
की तू माझा पुरावा खरादावर चढवलास?

रात्री मृणालचा फोन.
"काका, चार चार एक सात काढून टाकू?"
नको, म्हटलं. राहू दे.
समोर लिही: मिळण्याचं ठिकाण, पोलोग्राउंड, इक्राम खरादी.
आणि वैजयंतीच्या जागी लिही, हातोद, जुनी, नाव पुसलेलं.
चोरासाठी दुसरं खोटं शोधावं लागेल,
माझ्याकडच्या नंबरप्लेटी संपल्या.

तिकडे टाइप केल्याचा आवाज. मग थांबला.
"लांबी तीच ठेवू?"
लांबी, म्हटलं,
इक्रामला विचार.